हिराबाई बडोदेकर : मैफल, रंगभूमी आणि प्रशंसेची भाषा

उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

१. हिराबाई बडोदेकर यांच्या जीवनातील व कलाप्रवासातील प्रमुख टप्पे सांगणे.
२. त्यांच्या मैफलींना आणि नाट्यप्रयोगांना मिळालेल्या प्रतिसादामागील सामाजिक कारणे स्पष्ट करणे.
३. संगीतविषयक परीक्षणातील विशेषण आवाजाला, गायकीला की व्यक्तीला उद्देशून आहे, हे ओळखणे.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, नाटक किंवा मैफल पाहून-ऐकून आल्यावर जे लिहिले जाते, त्याला आपण परीक्षण म्हणतो. पुस्तकाचे परीक्षण वाचताना ते पुस्तक आपल्यासमोर ठेवता येते. लिहिणाऱ्याचे म्हणणे पडताळून पाहता येते. गाण्याची मैफल मात्र संपली की संपली. मागे उरते ती आठवण आणि तिच्याविषयी वापरलेले शब्द. म्हणून गायक-गायिकांचे चरित्र अभ्यासताना त्यांच्याविषयी समाजाने कोणते शब्द योजले, याचा अभ्यासही त्या चरित्राचाच भाग ठरतो.

या घटकात आपण हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांचे जीवन पाहणार आहोत. मैफल आणि संगीत रंगभूमी या दोन्ही ठिकाणी त्या गाजल्या. पाश्चात्त्य संगीतनाटकात, म्हणजे ऑपेरात, स्त्रीच्या सर्वांत उंच आवाजाला सोप्रानो म्हणतात. त्या आवाजाच्या गायिका नाट्यगृहात भूमिका करतात आणि मैफलीतही गातात. त्यांच्या दोन्ही प्रकारच्या सादरीकरणांचे परीक्षण करण्याची तिकडे दीर्घ परंपरा आहे. मराठीत असा दुहेरी वावर असलेल्या स्त्रीचे नाव घ्यायचे झाल्यास हिराबाईंचे नाव अग्रभागी येते. त्यांना उदंड प्रशंसा लाभली. या प्रशंसेने त्यांना काय दिले आणि त्यांच्या कलेतील कोणती गोष्ट झाकून ठेवली, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

२. जन्म, कुटुंब आणि तालीम

हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरज येथे झाला. किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ हे त्यांचे वडील. आई ताराबाई बडोद्याच्या माने या सरदार घराण्यातील. बडोद्याच्या दरबारात असताना खाँसाहेबांचा आणि ताराबाईंचा परिचय झाला आणि दोघांनी बडोदे सोडून संसार थाटला. या दांपत्याची पाचही मुले संगीताशी जोडली गेली.

पुढे काही वर्षांनी ताराबाई पतीपासून विभक्त झाल्या आणि मुलांना घेऊन स्वतंत्र राहू लागल्या. या वेळी मुलांची नावे बदलली गेली. अब्दुल रहमान हे सुरेशबाबू माने झाले, चंपाकली या हिराबाई झाल्या, गुलाब या कमलाबाई आणि सकीना या सरस्वतीबाई झाल्या. सरस्वतीबाई पुढे राणे या आडनावाने प्रसिद्ध झाल्या. बडोदेकर या आडनावात वडिलांच्या घराण्याची खूण नाही. त्यात आईचे गाव आहे. नाव हे केवळ व्यक्तीची ओळख पटवणारे चिन्ह नसते, ते व्यक्तीचे समाजातील स्थान सुचवते. एका मुलीला समाजासमोर गायचे होते आणि त्या समाजाला गाणाऱ्या स्त्रीचे कूळ जाणून घ्यायचे होते. अशा वेळी नवे नाव आणि नवे आडनाव यांचे महत्त्व किती असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता.

हिराबाईंच्या तालमीचा मोठा भाग वडीलबंधू सुरेशबाबू आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे झाला. वहीद खाँ हे किराणा घराण्यातील विलंबित ख्यालाच्या विस्तारासाठी ओळखले जात. रागातील एकेका स्वरावर थांबून, त्याच्याभोवती लहान लहान स्वरवाक्ये रचत पुढच्या स्वराकडे जाण्याची ही पद्धत आहे. संगीतात तिला बढत म्हणतात. बढतीला धीर लागतो, श्वासावर ताबा लागतो आणि स्वराची अचूक जाण लागते. स्वर किंचित जरी ढळला तरी संथ लयीत तो लपवता येत नाही. हिराबाईंच्या गाण्यातील जो शांतपणा श्रोत्यांना भावला, तो या कष्टसाध्य शिस्तीतून आला होता. ही बाब लक्षात ठेवा. पुढील विवेचनात तिची गरज पडेल.

३. तिकीट लावलेली मैफल

वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे १९२१ च्या आसपास, मुंबईतील गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत जलशात हिराबाई प्रथम जाहीरपणे गायल्या. हे व्यासपीठ पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी उभे केलेले होते. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली आणि १९०८ मध्ये मुंबईत त्याचे कार्य सुरू केले. संगीताला दरबार आणि खाजगी बैठक यांतून बाहेर काढून मध्यमवर्गीय कुटुंबांपर्यंत नेणे, हा त्यांचा उद्देश होता. अशा ठिकाणी पहिली संधी मिळणे हिराबाईंच्या दृष्टीने अर्थपूर्ण होते.

त्या काळी स्त्रीचे गाणे कोठे ऐकले जाई, हे समजून घेऊ. ते ऐकले जाई श्रीमंतांच्या खाजगी बैठकीत, गायिकेच्या घरी, दरबारात किंवा मंगलप्रसंगी. ऐकणारे बहुतेक पुरुष असत. यजमान बिदागी देई आणि कोणाला बोलवायचे हे तोच ठरवी. गाणे आणि गाणारी यांच्यातील सीमारेषा अशा बैठकीत पुसट राही. भावार्थ हाताच्या, डोळ्यांच्या हालचालींतून दाखवण्याचीही प्रथा होती.

हिराबाईंनी १९२० च्या दशकात नाट्यगृहात तिकीट लावून गाण्यास सुरुवात केली. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या गायिका म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. वरवर पाहता तिकीट ही केवळ व्यवहाराची बाब वाटते. तिने घडवलेला बदल मोठा होता. तिकीट घेणारा श्रोता यजमान नसतो. त्याने गाण्याचे मोल दिलेले असते. गायिकेवर त्याचा त्यापलीकडे हक्क पोहोचत नाही. शिवाय तिकीट कोणीही घेऊ शकतो. पत्नी, बहीण, आई यांना सोबत घेऊन मैफलीस येणे त्यामुळे शक्य झाले.

या नव्या श्रोतृवर्गासमोर हिराबाई अंगभर साडी नेसून, साधेपणाने, जागेवर स्थिर बसून गात. हावभाव जवळजवळ नसत. ख्याल आटोपशीर असे. नंतर ठुमरी, नाट्यपद, भजन असा क्रम येई. ज्याला रागाचे शास्त्र ठाऊक नाही, त्यालाही मैफलीतून काहीतरी घेऊन जाता येई. परंतु याची दुसरी बाजूही विसरू नका. पुरुष गायक हातवारे करी, मांडीवर थाप मारी, तानेबरोबर डोलत असे. त्यावर फार तर थट्टा होई. गायिकेची एकेक हालचाल मात्र तिच्या चारित्र्याचा पुरावा म्हणून पाहिली जाण्याची भीती असे. हिराबाईंचे स्थिर बसणे ही त्यांची शैली होती, तशीच ती त्यांना भरावी लागलेली किंमतही होती.

४. रंगभूमीवर

मराठी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका दीर्घकाळ पुरुष करीत. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले. त्यानंतरच्या काळात स्त्रीभूमिका करणाऱ्या गायक-नटांची मोठी परंपरा निर्माण झाली. तिचा कळस म्हणजे बालगंधर्व (१८८८–१९६७). बालगंधर्वांच्या भूमिका पाहून घरोघरच्या स्त्रियांनी आपली वेशभूषा बदलली, असा त्यांचा प्रभाव होता. स्त्रीभूमिकेतील पुरुष हा प्रकार मराठीपुरता मर्यादित नव्हता. पोपच्या राज्यातील रोममध्येही अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत स्त्रियांना रंगमंचावर मज्जाव होता आणि ऑपेरातील स्त्रीभूमिका उंच आवाजाचे पुरुष गायक करीत.

स्त्रिया मराठी रंगमंचावर मुळीच नव्हत्या, असे मात्र समजू नका. केवळ स्त्रियांनी चालवलेल्या नाटक मंडळ्या होत्या. बेळगावकर स्त्री संगीत नाटक मंडळी हे त्यांतील एक नाव. त्यांना प्रतिष्ठित रंगभूमीच्या बाहेरचे मानले जाई. १९३० च्या आगेमागे ताराबाई आणि त्यांच्या मुलांनी नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा उभी केली, तेव्हा प्रश्न होता तो हा : पुरुषांच्या बरोबरीने, त्याच प्रतिष्ठित नाटकांत, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या तर प्रेक्षक त्या स्वीकारतील काय? संस्थेच्या नावातील विद्यालय हा शब्दही पाहा. नाटक मंडळी म्हटले की जे संशय उत्पन्न होत, त्यांना तो शब्द काही अंशी आवर घालीत असावा.

‘सौभद्र’, ‘संशयकल्लोळ’, ‘पुण्यप्रभाव’, ‘विद्याहरण’ यांसारखी नाटके या शाखेने केली. भावंडे एकाच रंगमंचावर उभी राहिली. येथे हिराबाईंची कसोटी विलक्षण होती. सुभद्रा कशी दिसते, कशी रुसते, कशी गाते, याची प्रतिमा प्रेक्षकांच्या मनात पक्की झालेली होती आणि ती एका पुरुषाने घडवलेली होती. त्यामुळे रंगमंचावर खरोखरची स्त्री आली तरी तिची तुलना पुरुषाने रंगवलेल्या स्त्रीत्वाशी होणे अपरिहार्य होते. कानांची सवयही तशीच होती. गायक-नट उंच पट्टीत गात. केशवराव भोसले, दीनानाथ मंगेशकर यांच्या चढ्या, तेजस्वी आवाजांनी नाट्यगृह भरून जाई. ध्वनिवर्धकाच्या आधीच्या त्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवणे ही गायनाची पहिली अट होती. हिराबाईंचा आवाज बारीक, हळुवार वळणाचा. तो जोर लावून फेकण्याचा नव्हता. त्यांनी नाट्यपदात आणले ते किराणा घराण्याचे स्वरलगाव आणि शब्दांचा निर्मळ उच्चार. नाटक पाहायला आलेला प्रेक्षक त्यांची पदे ऐकण्यासाठी थांबला.

ही नाट्यशाखा फार काळ टिकली नाही. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपट प्रदर्शित झाले. संगीत नाटकाचा प्रेक्षक चित्रपटगृहाकडे वळू लागला आणि भल्याभल्या मंडळ्या डबघाईला आल्या. हिराबाई पुन्हा मुख्यतः मैफलीकडे वळल्या; मधल्या काळात त्यांनी काही बोलपटांतही काम केले. १ जुलै १९३३ रोजी ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आले आणि त्यात ज्योत्स्ना भोळे व पद्मावती वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या. नाट्येतिहासात या प्रयोगाला रास्तपणे महत्त्व दिले जाते. परंतु परीक्षेत या विषयावर लिहिताना तुम्ही त्याआधीच्या नूतन संगीत विद्यालयाच्या प्रयत्नाचीही नोंद करावी. नंतरच्यांना जी वाट मोकळी मिळाली, ती आधी कोणीतरी तुडवलेली होती.

५. ध्वनिमुद्रिका आणि नभोवाणी

मैफलीला मुंबई-पुण्याचा श्रोता जाऊ शके. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील माणसाला ती संधी क्वचित मिळे. नाटक मंडळ्या रेल्वेने वऱ्हाड-नागपूरचा दौरा करीत, तेवढाच योग. ही उणीव ध्वनिमुद्रिकेने भरून काढली. जुनी तबकडी एका बाजूस सुमारे तीन मिनिटे वाजे. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत बसवणे हे मोठे कौशल्य होते. काय गाळावे आणि काय ठेवावे, याचा निर्णय गायकालाच करावा लागे. हिराबाईंच्या दुर्गा, तिलंग यांसारख्या रागांतील मुद्रिका, नाट्यपदे, भजने आणि भावगीते घरोघर पोहोचली.

तबकडीने आणखी एक गोष्ट केली. गाणे ऐकताना गायिका दिसत नव्हती. तिची साडी, तिचे बसणे, तिचे कूळ यांपैकी काहीच दिवाणखान्यात येत नव्हते. येत होता तो फक्त आवाज. गाण्याचा विचार गाणे म्हणून करण्याची ही एक मोठी संधी होती.

मुंबई केंद्राचे प्रसारण १९२७ मध्ये सुरू झाले आणि नागपूर केंद्र १९४८ मध्ये. नभोवाणीने गाणे खेड्यापर्यंत नेले. मात्र १९४० च्या दशकात याच नभोवाणीने गायिकांच्या खाजगी जीवनाला पात्रतेची कसोटी लावली आणि अनेक परंपरागत गायिकांना दार बंद केले. आवाज चांगला असणे पुरेसे नव्हते. तो कोणत्या घरातून येतो, हेही पाहिले जाई. हिराबाईंची प्रतिमा अशा वेळी निर्विवाद होती. ज्या शब्दांनी त्यांना वाट मोकळी करून दिली, त्याच शब्दांच्या फुटपट्टीने इतर कितीतरी जणी बाहेर राहिल्या.

६. प्रशंसेच्या शब्दांचे विश्लेषण

आता आपण मुख्य प्रश्नाकडे येऊ. मराठीत संगीतसमीक्षा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकार घेऊ लागली. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी स्वतः गायक-वादक-नट म्हणून आलेल्या अनुभवातून लिहिले. आपल्या विदर्भातील अमरावतीत जन्मलेले केशवराव भोळे (१८९६–१९६७) यांनी समकालीन गायकांवर विश्लेषक लेखन केले. वामनराव देशपांडे (१९०७–१९९०) यांनी ‘घरंदाज गायकी’ या १९६१ मधील ग्रंथात घराण्यांची तात्त्विक मांडणी केली. त्यांच्या मते प्रत्येक घराणे स्वर आणि लय यांतील प्रमाण आपापल्या रीतीने ठरवते. किराणा घराणे स्वराच्या टोकाशी, आग्रा घराणे लयीच्या टोकाशी आणि जयपूर घराणे दोहोंच्या समतोलाजवळ येते. या मांडणीशी तुम्ही सहमत असा वा नसा, तिच्यात एक गुण निश्चित आहे : ती गायकीविषयी बोलते.

हिराबाईंविषयी सर्वसाधारणपणे जे शब्द वापरले गेले, ते असे आहेत : गोड, सुरेल, हळुवार, संयत, शांत, सात्त्विक, सोज्वळ, शालीन, घरंदाज. या प्रत्येक विशेषणाचे विशेष्य शोधा. ते तीन प्रकारचे आहे.

पहिला प्रकार आवाजाचा. गोड, बारीक, निकोप हे शब्द या प्रकारात मोडतात. त्यांतून आवाजाचा पोत कळतो. परंतु आवाज ही देणगी मानली जाते, त्यामुळे श्रेय निसर्गाकडे जाते.

दुसरा प्रकार गायकीचा. सुरेल, संयत, स्वरप्रधान हे शब्द कमावलेल्या गोष्टीविषयी आहेत. सुरेलपणा आपोआप येत नाही. संयम हा निर्णय असतो. बढत, मींड, लगाव हे शब्दही याच प्रकारचे.

तिसरा प्रकार व्यक्तीचा. शालीन, सोज्वळ, सात्त्विक हे शब्द वस्तुतः स्त्रीच्या वर्तनाविषयीचे आहेत. ते गाण्याला लावले गेले. राग यमन शालीन असू शकत नाही. गाणारी व्यक्ती असू शकते.

या सर्वांत घरंदाज हा शब्द विशेष अभ्यासनीय आहे. संगीतात त्याचा अर्थ घराण्याच्या परंपरेतून आलेले असा होतो. व्यवहारात त्याचा अर्थ कुलीन, अब्रूदार घरातील असा होतो. घरंदाज गायक म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला अर्थ येतो. घरंदाज गायिका म्हटले की दुसरा अर्थ नकळत आत शिरतो. शब्द एकच, व्याकरणिक लिंग बदलले आणि अर्थाचे केंद्र सरकले. भाषेत मूल्ये कशी वसतात, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण क्वचित सापडेल.

उपाध्यांकडे पाहा. पुरुष गायकासाठी बुवा, पंडित, उस्ताद, खाँसाहेब अशी ज्ञानाचा अधिकार सांगणारी संबोधने होती. स्त्रीसाठी केवळ बाई हा प्रत्यय होता. तो आदरार्थी होता आणि तोच पेशेवर गायिकेच्या नावालाही लागे. विदुषी हे संबोधन पुष्कळ उशिरा रूढ झाले.

गानकोकिळा हे बिरुदही हिराबाईंना लाभले. सरोजिनी नायडू यांनी त्यांना ते दिल्याचे सांगितले जाते. बिरुद प्रेमाचे आहे. परंतु कोकिळा रियाज करीत नाही. पक्ष्याची उपमा गाण्याला निसर्गदत्त ठरवते आणि वहीद खाँ यांच्यापुढे बसून स्वर लावण्यात घालवलेली वर्षे दृष्टीआड करते. शिवाय ज्याची तान वसंतात आपण ऐकतो, तो नर कोकिळ असतो. मादीचा आवाज निराळा आणि रूक्ष असतो. निसर्गात जे नाही, ते भाषेने स्त्रीच्या पदरी बांधले.

तुलनेसाठी हिराबाईंच्या समकालीन गायिका पाहा. जयपूर घराण्याच्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) आणि मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) या गोमंतकीय कलावंत परंपरेतून आल्या. त्यांच्या गायकीविषयी बोलताना पेचदार, बुद्धिप्रधान, भारदस्त असे शब्द येतात. किराणा घराण्याच्याच गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांचा आवाज घशाच्या उपचारानंतर जाड झाला. त्याचे वर्णन वारंवार पुरुषी असे केले गेले. एकीच्या आवाजातील स्त्रीत्वाची स्तुती झाली, दुसरीच्या आवाजातील पुरुषीपणाचे आश्चर्य वाटले. फुटपट्टी एकच होती. दोघींनी साधलेली स्वराची शुद्धता हा खरा समान दुवा मात्र त्या फुटपट्टीवर मोजता येत नव्हता.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. शांत, सात्त्विक हे शब्द ऐकणाऱ्याच्या खऱ्या अनुभवातून आले असतील, तर त्यांत गैर काय? आक्षेप योग्य आहे. रसिकाला जे जाणवले ते खोटे नव्हते. आपल्या परंपरेत रसाची कल्पना आहेच आणि शांत हा एक मान्य रस आहे. त्यामुळे शांत हा शब्द गाण्याच्या परिणामाविषयी असेल तर तो समीक्षेचा शब्द आहे. तो शब्द गाणारीच्या वागणुकीचे प्रमाणपत्र होऊ लागला की समीक्षा मागे पडते. अभ्यासकाचे काम शब्द बाद करण्याचे नाही. तो कोठे उभा आहे, हे पाहण्याचे आहे.

७. उत्तरायुष्य आणि वारसा

हिराबाई आणि धाकट्या भगिनी सरस्वतीबाई राणे यांनी एकत्र गाण्याची प्रथा सुरू केली. दोन स्त्रियांची ख्यालगायनाची जुगलबंदी ही त्या काळी नवी गोष्ट होती. तिच्यात स्पर्धेपेक्षा परस्परपूरकता अधिक होती. १९५३ साली सुरेशबाबूंचे निधन झाले. हिराबाईंच्या आयुष्यातील पहिला गुरू आणि सहकारी गेला. त्याच वर्षी भारतीय कलावंतांच्या शिष्टमंडळातून त्यांनी परदेशप्रवासही केला.

त्यांच्या शिष्यवर्गात प्रभा अत्रे (१९३२–२०२४) यांचे नाव महत्त्वाचे आहे. त्यांना आधी सुरेशबाबूंची आणि नंतर हिराबाईंची तालीम लाभली. प्रभाताईंनी गायनाबरोबरच संगीतावर विपुल चिंतनपर लेखन केले. ज्या परंपरेतील गायिकेविषयी इतरांनी शब्द योजले, त्याच परंपरेतील पुढच्या पिढीची गायिका स्वतः आपल्या कलेची परिभाषा मांडू लागली. शाळेत, विद्यापीठात आणि व्यासपीठावर स्त्रिया संगीताविषयी अधिकाराने बोलू लागल्या, हा हिराबाईंच्या वारशाचा फारसा न सांगितला जाणारा भाग आहे.

१९६५ साली हिराबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७० मध्ये पद्मभूषण हा सन्मान लाभला. २० नोव्हेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीतच चित्र पालटले होते. गाणे शिकणारी मुलगी ही घराची चिंता राहिली नव्हती. अनेक घरांत ती कौतुकाची बाब झाली होती.

८. समारोप

हिराबाईंच्या जीवनाकडे दोन प्रकारे पाहता येते. एका समाजाला जशी गायिका हवी होती, तशा त्या होत्या म्हणून त्यांचा स्वीकार झाला, असे म्हणता येईल. किंवा समाजाने घातलेल्या सर्व अटी पाळून, त्या अटींच्या आत राहून त्यांनी शुद्ध स्वराला जागा करून दिली, असेही म्हणता येईल. या घटकाचा कल दुसऱ्या मताकडे आहे. स्थिर बसण्याची अट त्यांनी पाळली. पण त्या स्थिरपणातून श्रोत्याचे लक्ष हावभावावरून स्वराकडे वळवले. सौम्यतेची अपेक्षा त्यांनी पुरी केली. पण त्या सौम्यतेत विलंबित बढतीची कठोर शिस्त भरली. त्यांच्याविषयीच्या प्रशंसेतून ही शिस्त वेगळी काढून दाखवणे, हे आजच्या वाचकाचे आणि अभ्यासकाचे ऋण आहे.

शक्य असल्यास त्यांची एक जुनी मुद्रिका मिळवा आणि हा घटक बाजूला ठेवून ती ऐका. तीन मिनिटांत किती स्वर आले, कोठे थांबणे आले, तान कोठे टाळली, हे मोजा. त्यानंतर तुम्हाला जे शब्द सुचतील, ते तुमचे स्वतःचे असतील.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. तिकीट लावून होणाऱ्या मैफलीमुळे गायिका आणि श्रोते यांच्या नात्यात कोणता बदल झाला?
२. सुभद्रेची भूमिका करताना हिराबाईंसमोर कोणती विशेष कसोटी होती?
३. घरंदाज या शब्दाचे दोन अर्थ सांगून, लिंगभेदाने त्याच्या अर्थात पडणारा फरक स्पष्ट करा.
४. गानकोकिळा या बिरुदाचा भाषिक दृष्टीने विचार करा.

क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील किंवा वर्धा जिल्ह्यातील जवळच्या एखाद्या गावातील भजनी मंडळांच्या दोन कार्यक्रमांना उपस्थित राहा. एक मंडळ पुरुषांचे आणि एक महिलांचे असावे. कार्यक्रमानंतर श्रोत्यांनी गाणाऱ्यांची स्तुती करताना वापरलेले किमान दहा शब्द नोंदवा. त्यांची आवाज, गायन आणि व्यक्ती अशा तीन गटांत विभागणी करा. दोन्ही मंडळांच्या बाबतीत कोणता गट मोठा भरतो, ते पाहून आपले निष्कर्ष सुमारे ३०० शब्दांत लिहा आणि अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात चर्चेसाठी आणा.